शिडाच्या होडीवरील बॅटरी व तिचा फ्यूज

अंधेरी व बोरीवली तालुक्यांच्या पश्चिम कांठावर वेसावें, मढ, मनोरी व गोराई हीं गांवें आहेत. त्यांच्या उत्तरेस उत्तन आणि पुढें वसईचा किनारा लागतो. या भागांत घर व शेत एका तीरावर आणि बाजार किंवा आगगाडीचें स्टेशन दुसऱ्या तीरावर, अशी स्थिति पूर्वापार आहे. मार्व्याहून मनोरीस किंवा वेसाव्याहून मढास जावयाचें तर खाडीवरची तर जवळची पडते. जमिनीची वाट धरल्यास मोठा वळसा घ्यावा लागतो. म्हणून या बाजूच्या कांहीं शेतकऱ्यांच्या घरीं अद्यापि स्वतःची लहान होडी असते. शीड आतां विरळा झालें आहे हें खरें. तरी ज्यांनीं तें ठेविलें आहे त्यांस वाऱ्याचें काम फुकट मिळतें, आणि यंत्र बंद पडल्यास घरीं परतण्याचा एक मार्ग हातीं राहतो.

शीड असो वा नसो, होडीवर बॅटरी मात्र आतां आली आहे. रात्रीं दिवा पाहिजे, सांचलेलें पाणी उपसण्यास पंप पाहिजे, मोबाइल भरावयास पाहिजे, आणि कोणी रेडिओही ठेवितात. शिडाच्या होडीवर बॅटरी भरून काढण्यास सतत चालणारें यंत्र नसतें; म्हणून लहानसा सौर पत्रा बसवून ती होडी खाडींत नांगरून ठेवितात. आठ आठ दिवस तिच्याकडे कोणी फिरकत नाहीं, आणि बॅटरी मात्र भरलेली असते. अशा बॅटरीस फ्यूज असावा कीं नसावा, असल्यास किती अँपिअरचा, कोणत्या जातीचा आणि कोठें बसवावा, हा विचार फारच थोडे लोक करतात. दुकानदार देईल तो फ्यूज आपण घेतों, आणि तो उडाला कीं त्याहून मोठा घालतों. ही रीति किती घातक आहे व योग्य रीति कोणती, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

आम्हांस हा विषय पुस्तकांतून सुचला नाहीं, स्वतःच्या चुकीनें सुचला. कांहीं वर्षांपूर्वीं आश्विनांत, अंधार पडल्यावर, आम्ही मनोरीच्या खाडींतून परत येत होतों. होडींत भाजीच्या जुड्या, शेतावर कामास आलेल्या दोन बाया आणि एक गडी इतकीं माणसें होतीं. डोलकाठीवरचा कंदील विझला. पाहतों तों पांच अँपिअरचा फ्यूज उडालेला. दुसरा घातला, तोही तत्काळ उडाला. तिसरा जवळ नव्हता. तेव्हां आम्हीं एका जुन्या तारेंतील तांब्याचे चार-पांच धागे पिळून त्या जागीं बसविले. क्षणभरांत डोलकाठीच्या पायथ्याशीं जळक्या रबरासारखा वास सुटला, धूर निघूं लागला, व तारेचें वेष्टण वितळून फळीवर पडूं लागलें. बॅटरीची पकड सोडवावी म्हटलें, तर खाऱ्या हवेनें ती गंजून घट्ट बसलेली. शेवटीं गड्यानें प्रसंगावधान राखून लांकडी मुठीच्या कोयत्यानें तार तोडली, म्हणून निभावलें. हातांतल्या विजेरीच्या उजेडांत आम्ही घरीं आलों. त्या दोन्ही बाया वाटेंत एक शब्द बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं मात्र त्या तरीनें आल्या.

सकाळीं पाहिलें तेव्हां कारण उघड झालें. डोलकाठीच्या पायथ्याशीं जी लोखंडी पट्टी आहे तिच्यावर घासून दोन्ही तारांचें वेष्टण गेलें होतें, व त्या पट्टीच्या द्वारें एकमेकींस मिळाल्या होत्या. पहिला फ्यूज खरें तेंच सांगत होता. दुसऱ्यानेंही तेंच सांगितलें. आम्हीं मात्र त्याचें तोंड बंद केलें. आमचें आयुष्य महसुलाच्या कचेरींत गेलें. तेथें एकाच गटाविषयीं दोनदां तक्रारअर्ज आला तर जागेवर जाऊन पाहावें लागतें. अर्ज फाडल्यानें तक्रार मिटत नाहीं, हें आम्हांस चांगलें ठाऊक होतें. तें शहाणपण होडींत सुचलें नाहीं.

बारा व्होल्टांची भीति कोणती?

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, बारा व्होल्टची बॅटरी निरुपद्रवी आहे, कारण तिच्या दोन्ही अग्रांस हात लावला तरी झटका बसत नाहीं. झटका बसत नाहीं हें खरें. परंतु झटका हा विजेच्या दाबावर अवलंबून असतो, आणि आग ही प्रवाहावर अवलंबून असते. दाब थोडा असला तरी प्रवाह हवा तेवढा वाहूं शकतो. पाण्याच्या उदाहरणानें बोलावयाचें तर, टाकीची उंची थोडी असली तरी तिचा तळ एकदम फुटला म्हणजे शेत वाहून जाण्यास वेळ लागत नाहीं.

थोडें गणित करून पाहूं. १०० अँपिअर-तासांची, शिशाची, १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली असतां तिचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट असतो. तिच्या पोटांतील अवरोध फार अल्प, अंदाजें ०.००५ ओहम धरावा. तिच्या दोन अग्रांवर पाना पडला तर १२.६ भागिलें ०.००५, म्हणजे सुमारें २,५०० अँपिअर प्रवाह वाहूं पाहतो. होडीवरच्या दिव्यास अर्धा अँपिअरही लागत नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्याचा अर्थ कळेल.

आतां दीड चौरस मिलिमीटरची तार घेऊं. दुकानांत 'दीड एमेम'ची म्हणतात ती. बॅटरीपासून डोलकाठीपर्यंत दोन मीटर व परतीची दोन मीटर, अशी एकंदर चार मीटर तार झाली. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तांब्याचा अवरोध ०.०१७२ ओहम असतो. त्या हिशेबानें आपल्या तारेचा ०.०४६ ओहम येतो. त्यांत बॅटरीचा मिळविला तर ०.०५१. म्हणजे दोन्ही तारा डोलकाठीपाशीं एकमेकींस टेकल्या तर सुमारें २५० अँपिअर प्रवाह वाहील. ही तार १२ अँपिअरांच्या लायकीची आहे. तिजवर वीसपट बोजा पडला. त्या चार मीटर तारेंत सुमारें २,८०० वॅट उष्णता उत्पन्न होते, म्हणजे घरगुती विजेच्या एका मोठ्या शेगडीहून अधिक. आणि तांबें केवळ ५४ ग्रॅम! हिशेबानें ती तार दर सेकंदास शंभराहून अधिक अंश तापते. वेष्टण एक-दोन सेकंदांत मऊ पडतें, आणि फळीस लागून असलेलें सर्व कांहीं पेटण्याच्या पंथास लागतें. आमच्या होडींत झालें तें हेंच.

म्हणून पहिला सिद्धांत हा कीं, फ्यूज हा दिव्याचा किंवा पंपाचा राखणदार नव्हे, तो तारेचा राखणदार आहे. दिवा बिघडला तर दुसरा आणतां येतो; तार पेटली तर होडी जाते. तेव्हां फ्यूज निवडतांना प्रथम तारेकडे पाहावें.

पहिला विचार: किती अँपिअरचा?

तांब्याच्या अनेक धाग्यांच्या तारेवर, साध्या वेष्टणाचा व होडीवरील उष्णतेचा विचार करून, पुढीलप्रमाणें बोजा धरावा. हे आंकडे सावधपणाचे आहेत; उत्तम उष्णतारोधक वेष्टण असल्यास याहून अधिक चालतें, परंतु आपल्याकडील उन्हांत अधिकाच्या मोहांत पडूं नये.

१ चौ. मि.मी. — ८ अँपिअर
१.५ चौ. मि.मी. — १२ अँपिअर
२.५ चौ. मि.मी. — १७ अँपिअर
४ चौ. मि.मी. — २२ अँपिअर
६ चौ. मि.मी. — २९ अँपिअर
१० चौ. मि.मी. — ४० अँपिअर
१६ चौ. मि.मी. — ५४ अँपिअर
२५ चौ. मि.मी. — ७१ अँपिअर

नियम असा: उपकरणास लागणाऱ्या प्रवाहाची सव्वापट करावी, ती झाली फ्यूजची खालची मर्यादा. तारेची लायकी ही वरची मर्यादा. फ्यूज या दोहोंच्या दरम्यान असावा. खालची मर्यादा वरच्या मर्यादेच्याही वर गेली तर फ्यूज वाढवूं नये, तार जाड घ्यावी.

उदाहरणार्थ, कोणी होडीस विजेची लहान मोटार लावितो व ती पूर्ण वेगानें ५० अँपिअर घेते. सव्वापट ६२.५ अँपिअर झाली. १६ चौ. मि.मी.च्या तारेची लायकी ५४. म्हणजे ती तार पुरत नाहीं. २५ चौ. मि.मी.ची घ्यावी, व फ्यूज ६२.५ आणि ७१ यांच्या दरम्यान मिळेल तो, म्हणजे बहुधा ७० अँपिअरचा घालावा.

दुसरें उदाहरण पंपाचें. पंपावर ५ अँपिअर लिहिलें आहे व तो होडीच्या मागील भागीं, बॅटरीपासून पांच मीटरांवर आहे. जाऊन येऊन दहा मीटर तार झाली. दीड चौ. मि.मी.ची तार घातली तर वाटेंतच ०.५७ व्होल्ट खर्च होतात, म्हणजे शेंकडा पावणेपांच. अडीचची घातली तर ०.३४ व्होल्ट, म्हणजे शेंकडा तीनाच्या आंत. दिवा, पंप व रेडिओ यांच्या तारेंत शेंकडा तीनाहून अधिक दाब गमावूं नये, असा सामान्य प्रघात आहे. म्हणून अडीचची तार घेतली. तिची लायकी १७. फ्यूज ६.२५ पासून १७ पर्यंत कोणताही चालेल असें वाटेल. परंतु येथें आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पंपांत गवताची काडी किंवा प्लॅस्टिकची पिशवी अडकली म्हणजे तो फिरावयाचा थांबतो, पण प्रवाह घेत राहतो, व त्याचे वेटोळे जळतात. १५ चा फ्यूज तार वांचवील, पंप वांचविणार नाहीं. म्हणून कारखानदारानें पंपावर फ्यूजचा आंकडा दिला असल्यास, व तो तारेच्या मर्यादेच्या आंत असल्यास, तोच घ्यावा. नसल्यास खालच्या मर्यादेजवळचा, येथें साडेसातचा घ्यावा.

तिसरें उदाहरण कंदिलाचें. शिडाच्या नौकेस रात्रीं डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा व मागें पांढरा दिवा दाखवावा लागतो. वीस मीटरहून कमी लांबीच्या नौकेस हे तिन्ही दिवे डोलकाठीच्या टोकावरील एकाच कंदिलांत एकत्र करण्याची मुभा आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. हल्लींच्या तीन वॅटच्या दिव्यास पाव अँपिअर पुरतो. तार दीडची, लायकी १२. तरी फ्यूज तीनचा किंवा पांचाचाच घालावा, कारण कंदिलाच्या आंतील तारा केंसासारख्या बारीक असतात. आमच्या होडीवर पांचाच्या ऐवजीं आरंभापासूनच तारेच्या लायकीचा १२ अँपिअरचा फ्यूज असता, तरी थेट शॉर्ट झाल्यावर तोही उडाला असता व तार वांचली असती. तांब्याचे पिळलेले धागे मात्र शंभरावर अँपिअर घेऊनही उडाले नाहींत.

फ्यूज आपल्या आंकड्यास पोंचतांच उडतो असेंही समजूं नये. मोटारगाडींतला पात्याचा दहा अँपिअरचा फ्यूज अकरा अँपिअर सोसून तासन्‌तास टिकतो. वीस अँपिअर झाले म्हणजे पांच सेकंदांच्या आंत उडतो. म्हणूनच फ्यूजचा आंकडा तारेच्या लायकीच्या वर कधींही जातां कामा नये. या पात्यांचे रंग ठरलेले आहेत: ३ जांभळा, ५ फिकट तपकिरी, ७.५ तपकिरी, १० तांबडा, १५ निळा, २० पिंवळा, २५ बिनरंगी, ३० हिरवा. अंधारांत विजेरीनें पाहून योग्य तो निवडण्यास हे रंग उपयोगी पडतात.

दुसरा विचार: कोठें बसवावा?

पाटाचें दार शेताच्या बांधावर बसवून भागत नाहीं. तें कालव्याच्या मुखाशीं असावें लागतें. बांधावर दार असेल आणि पाट वाटेंत फुटला, तर दार लावून काय उपयोग? फ्यूजची गोष्ट अशीच आहे. पुष्कळ होड्यांवर फ्यूजची पेटी सुकाणूपाशीं सोयीच्या जागीं असते, व बॅटरीपासून तिथपर्यंतची दोन-तीन मीटर तार उघडी, निराधार असते. ती वाटेंत घासली तर पेटींतले सर्व फ्यूज शाबूत राहून होडी जळते.

अमेरिकेंत लहान नौकांसाठीं नियम घालून देणारी 'अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल' नामक संस्था आहे. तिच्या नियमाप्रमाणें हा मुख्य फ्यूज बॅटरीपासून तार मोजून सात इंचांच्या आंत असावा. म्हणजे एका वितीहूनही कमी. तार नळींत किंवा वेष्टणांत सुरक्षित नेली तर यापेक्षां अधिक अंतराची सवलत आहे. परंतु आपण वितीचाच नियम पाळावा हें बरें. फ्यूज धन अग्राच्या तारेवर बसवावा.

येथें दोन चुका नेहमीं होतात. पहिली सौर पत्र्याची. ५० वॅटचा पत्रा कडक उन्हांत सुमारें तीन अँपिअर देतो. त्याच्या दोन्ही तारा टेकल्या तरी तो त्याहून फारसें अधिक देऊं शकत नाहीं. म्हणून लोक समजतात कीं, या तारेस भय नाहीं. परंतु ती तार नियंत्रकावाटे दुसऱ्या टोकास बॅटरीशीं जोडलेली आहे, व भय तिकडून आहे. नियंत्रक व बॅटरी यांमधील तारेवर फ्यूज पाहिजे, आणि तो बॅटरीच्या बाजूस पाहिजे. दुसरी चूक दोन बॅटऱ्या शेजारीं जोडण्याची. धनास धन व ऋणास ऋण जोडलेल्या दोन बॅटऱ्यांपैकीं एकीच्या पोटांत बिघाड झाला, तर दुसरी आपला सर्व सांठा तिच्यांत ओतते. म्हणून प्रत्येकीस स्वतंत्र फ्यूज असावा. एका सामायिक फ्यूजनें काम भागत नाहीं. सामायिक खात्यांत एकाची बाकी दुसऱ्याच्या गळ्यांत पडते, त्यांतलाच हा प्रकार.

शिशाची बॅटरी भरत असतां तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो व तो ठिणगीनें पेटतो. म्हणून बॅटरीच्या पेटीस वरच्या बाजूस हवा जाण्यास वाट ठेवावी, आणि जवळ बसवावयाचा फ्यूज पूर्ण बंद जातीचा, ठिणगी बाहेर न पडूं देणारा असावा. होडीवर पेट्रोल असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

तिसरा विचार: कोणत्या जातीचा?

हा भाग फारच थोड्यांस ठाऊक असतो, आणि दुकानदारही क्वचितच सांगतात. प्रत्येक फ्यूजवर दोन आंकडे महत्त्वाचे असतात. एक, तो किती अँपिअरांवर उडतो. दुसरा, तो जास्तींत जास्त किती प्रवाह सुखरूप तोडूं शकतो. या दुसऱ्यास आपण तोडशक्ति म्हणूं. फ्यूजमधील धातु वितळला म्हणजे प्रवाह थांबलाच असें नाहीं. वितळलेल्या जागीं ठिणगीचा एक जळता पूल उभा राहतो, व प्रवाह त्यावरून वाहत राहतो. फ्यूज अशक्त असेल तर तो फुटतो किंवा त्याची बैठक पेटते.

घरांतील विजेचा प्रवाह उलटसुलट वाहणारा असतो. तो सेकंदास शंभर वेळां शून्यावर येतो, व त्या क्षणीं हा पूल विझण्यास संधि मिळते. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेनें वाहतो, शून्यावर येतच नाहीं. म्हणून घरच्या मीटरजवळचा चिनी मातीचा किटकॅट फ्यूज किंवा घरगुती स्विच काढून बॅटरीवर बसविणें हा शुद्ध अविचार आहे. फ्यूजवर एकदिश प्रवाहासाठीं किती व्होल्ट व किती अँपिअर तोडशक्ति आहे, हें छापलेलें पाहूनच तो घ्यावा.

प्रसिद्ध जातींची तोडशक्ति सामान्यतः अशी असते. मोटारगाडींतील पात्याचा फ्यूज: ३२ व्होल्टवर १,००० अँपिअर. एएनएल नांवाचा पट्टीचा फ्यूज: ३२ व्होल्टवर ६,००० अँपिअर. बॅटरीच्या अग्रावरच स्क्रूनें बसणारा एमआरबीएफ: १४ व्होल्टवर १०,००० अँपिअर. क्लास टी: १२५ व्होल्टवर २०,००० अँपिअर.

उपर्युक्त अमेरिकन संस्थेचा नियम असा आहे कीं, बॅटरीवर जो थंडींतील आरंभप्रवाहाचा आंकडा, म्हणजे सीसीए, लिहिलेला असतो, तो एकंदर ६५० पर्यंत असल्यास मुख्य फ्यूजची तोडशक्ति निदान १,५०० अँपिअर असावी. ६५१ ते ११०० असल्यास ३,०००. आणि त्यावर ५,०००. यावरून दिसेल कीं, लहानांतल्या लहान बॅटरीच्या मुखाशींही पात्याचा फ्यूज मुख्य फ्यूज म्हणून चालत नाहीं. आपण वर काढलेला २,५०० अँपिअरांचा आंकडाही तेंच सांगतो. परंतु मुख्य फ्यूजच्या पुढें, फांटे फुटल्यावर, ६५० सीसीएपर्यंतच्या बॅटरीवर पात्याचे फ्यूज खुशाल वापरावे. तेथें तारेची लांबीच प्रवाहास आळा घालते.

लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी आतां पुष्कळांनीं घेतली आहे. ती वजनानें हलकी असते, आणि तिच्या पोटांतील अवरोध शिशाच्या बॅटरीहून कमी असतो. म्हणून शॉर्ट झाल्यास ती कांहीं हजार अँपिअर देऊं शकते. तिच्यांत रक्षक यंत्रणा असते हें खरें, पण ती इलेक्ट्रॉनिक वस्तु आहे व बिघडूं शकते. तिच्या भरंवशावर फ्यूज वगळूं नये. अशा बॅटरीस क्लास टी उत्तम. १२ व्होल्टच्या एकट्या लहान बॅटरीस चांगल्या बनावटीचा एमआरबीएफ चालतो. ४८ व्होल्टच्या संचावर ३२ व्होल्टचा फ्यूज कदापि घालूं नये.

एका होडीचा पूर्ण हिशेब

कंदील पाव अँपिअर, मोबाइल भरण्यास दीड, पंप पांच, रेडिओ बोलतांना सहा; एकंदर पावणेतेरा अँपिअर. सव्वापट सोळा. बॅटरीपासून फ्यूजपेटीपर्यंत १० चौ. मि.मी.ची तार घ्यावी, लायकी ४०. अग्रावर बसणारा एमआरबीएफ ३० अँपिअरपासून मिळतो. तो ३० चा बसवावा. त्यापुढें सर्व प्रवाह तोडणारा एक हाताचा मुख्य स्विच. मग पेटी, व तींत पात्याचे फ्यूज: कंदील ३, मोबाइल ३, पंप ७.५, रेडिओस कारखानदार सांगेल तो, बहुधा १०. फांट्यांतील फ्यूज मुख्याहून पुष्कळ लहान असल्यानें एका तारेंत दोष झाला तर बहुधा तेवढाच फांटा बंद पडतो व बाकीची होडी चालू राहते. मुख्य स्विच हा फ्यूजची जागा घेत नाहीं. तो हातानें बंद करावा लागतो, आणि नांगरलेल्या होडीवर हात नसतो. परंतु आमच्यासारखी कोयत्याची पाळी येऊं नये म्हणून तोही पाहिजे.

खाऱ्या हवेंत तांबें हिरवें पडतें व जोड ढिले होतात. ढिला जोड तापतो, फ्यूजची बैठक वितळते, आणि प्रवाह मर्यादेंत असल्यानें फ्यूज उडत नाहीं. या दोषावर फ्यूज हें औषध नव्हे. देखरेख हेंच औषध. तार कथिलाचा मुलामा दिलेली, अनेक धाग्यांची घ्यावी. जोड दाबून बसवावे. जेथें तार लोखंडावरून वळते तेथें रबरी नळी घालावी. आणि पावसाळ्यापूर्वीं व नंतर प्रत्येक जोड हातानें हलवून पाहावा. प्रत्येक आंकड्याचे दोन दोन फ्यूज बंद डबींत ठेवावे. तांब्याचा धागा, बिस्किटाच्या पुड्याची चांदी, खिळा, यांपैकीं कांहीं फ्यूजच्या जागीं घालण्यापेक्षां अंधारांत बसणें बरें. सात मीटरहून लहान शिडाच्या होडीस, दिवे लावणें शक्य नसल्यास, विजेरी जवळ ठेवून समोरून नौका येतांच ती वेळेवर दाखविण्याची परवानगी नियमांतच आहे. अंधारास उपाय आहे. पाण्याच्या मध्यभागीं आगीस नाहीं.

समुद्रावर दूर जाणारे हें जाणतात. कमांडर दिलीप दोंदे हे १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या नौकेनें एकटेच निघाले व पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० रोजीं मुंबईस परतले. ती नौका गोव्यांत दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधली होती. शिडास चालण्यासाठीं वीज लागत नाहीं. परंतु दिवे, संदेश व दिशा यांसाठीं लागते, आणि एकट्या माणसास आग विझविण्यास शेजारी नसतो. आमच्या खाडीचें पाणी थोडें, पण त्या रात्रीं शेजारी आम्हांसही नव्हता.

ज्यांच्याकडे होडी नाहीं त्या सभासदांनीं हा लेख बाजूस ठेवूं नये. ट्रॅक्टरवर मागाहून जोडलेले दिवे, कुंपणास झटका देणाऱ्या यंत्राची बॅटरी, घरचा इन्व्हर्टर, पाठीवरचा फवारणीपंप, या सर्वांस हेच तीन प्रश्न लागू आहेत: तार किती सोसते, फ्यूज बॅटरीच्या मुखाशीं आहे काय, आणि तो तेवढा प्रवाह तोडूं शकतो काय. इन्व्हर्टरची बॅटरी बहुधा माजघराच्या कोपऱ्यांत, कपड्यांजवळ असते, हें विसरूं नये. सौरपंपाच्या पत्र्यांचा दाब मात्र शेंकडों व्होल्टपर्यंत असतो. तेथें वरील फ्यूज उपयोगी नाहींत, व तें काम जाणत्या कारागिराकडेच सोंपवावें.

शेवटीं एक सूचना. जमिनीस जसा सातबारा, तसा प्रत्येक बॅटरीच्या तारांचा एक उतारा करावा. तारेचा क्रमांक, कोठून कोठें, लांबी, जाडी, लायकी, उपकरणाचा प्रवाह, फ्यूजचा आंकडा व जात, आणि फ्यूज बदलल्याची तारीख व कारण, असे रकाने आंखून तो कागद पेटीच्या झांकणास आंतून चिकटवावा. फ्यूज उडाला कीं नवा घालण्यापूर्वीं कारणाचा रकाना भरावा. एकाच तारेपुढें दुसरी नोंद करण्याची वेळ आली, तर तेथेंच थांबून ती तार हातानें चाचपीत शेवटपर्यंत जावें. आमच्या होडींत आतां असा कागद आहे. त्यावरची पहिली नोंद त्या आश्विनांतील रात्रीची असून, कारणाच्या रकान्यांत 'मालकाची चूक' असें लिहिलें आहे.